दाणी सर आणि जाहीर सत्कार

दाणी सरांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. वाईट माणसाला निदान आपण काय करून राहिलो ते ठाऊक असतं. दाणी सरांना ते कधीच ठाऊक नसायचं, आणि तरी ज्या ऐटीत ते वावरायचे ती ऐट बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अजूनही होतो. माझी सून म्हणते, आई, त्या माणसाचं नाव निघालं की तुमचा बीपी वाढतो, सोडून द्या ना आता. कसं सोडून देऊ? तिला काय माहीत.

मी छाया इंगळे. अकोल्यात एका संस्थेच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते. नशेची सुई टोचून घेणाऱ्या माणसांशी बोलायचं, हे माझं काम. त्यांना रोज केंद्रावर जिभेखाली ठेवायची एक गोळी मिळते. गोळी चालू राहिली की सुईची तलफ उतरते, आणि सुई सुटली की एचआयव्हीची अर्धी भीती जाते, कारण ही माणसं एकच सुई दोघा-तिघांत वापरतात. यात बायकाही असतात. लोकांना वाटतं बायका कुठल्या सुया टोचायला. टोचतात हो. कुणाला ऑपरेशननंतर दुखणं थांबावं म्हणून कंपाउंडरनं सवय लावलेली असते, कुणाला नवऱ्यानं. पुरुष राजरोस यायचे, बाहेरच्या बाकड्यावर बसून तंबाखू मळायचे. बाई एकदा यायची, त्या बाकड्याकडं बघायची आणि पुन्हा फिरकायची नाही. हा बायकांचा प्रश्न सोडवायला संस्थेनं अमरावतीहून दाणी सरांना आणलं.

पहिल्या दिवशी ते आले तेव्हा मे महिना होता आणि सरांच्या अंगात जाकीट होतं. अकोल्याच्या मे महिन्यात जाकीट! आम्ही कूलरसमोर जीव मुठीत धरून बसलेलो, आणि हा गोरापान, भांग पाडलेला माणूस दारात उभा राहून विचारतो, ‘मला असं वाटतं, आपण आधी एक ग्रुप फोटो घेऊ या का?’ अमरावतीच्या नामांकित वकिलाचा हा मुलगा. नोकरीनिमित्त काही वर्षं पुण्यात काढलेली, तेवढ्यावर ‘मला असं वाटतं’ लावल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. रागावले की मात्र पुणं कुठल्या कुठं पळायचं आणि ‘काहून बे’ बाहेर पडायचं. तेवढ्यापुरता तो माणूस मला बरा वाटायचा.

‘काम नुसतं होऊन उपयोग नाही, काम दिसलं पाहिजे,’ हे त्यांचं पालुपद. केंद्रात नवं कपाट आलं की कपाटाबरोबर फोटो. पाण्याचं फिल्टर आलं की त्याला लाल रिबीन. एकदा संडासात नवा दिवा लागला तेव्हा मी म्हटलं, सर, याचं उद्घाटन कोणाच्या हस्ते? तर ते गंभीरपणे विचार करायला लागले. चेष्टा केलेली कळायची नाही, हा त्यांचा मोठा गुण. माझी निम्मी चेष्टा त्यात वाया गेली.

पण खरं ते खरं सांगितलं पाहिजे. बायकांना वेगळं दार पाहिजे, हे सरांनी आल्याबरोबर ओळखलं. मागच्या गल्लीत एक बंद दार होतं. ते उघडून मिळावं म्हणून ते घरमालकाकडं खेटे घालत राहिले, कचेऱ्यांत ताटकळत उभे राहिले, उन्हातान्हात फिरले. शेवटी दार मिळालं. बायकांनी गल्लीतून गुपचूप यावं, गोळी घ्यावी, गुपचूप जावं. मी मनात म्हटलं, चला, माणूस दिसतो तसा अगदीच पोकळ नाही.

डोंबलाचं! दुसऱ्या आठवड्यात सरांनी त्या दाराचं उद्घाटन केलं. गल्लीत मांडव, खुर्च्या, भोंगा, पाहुण्यांच्या हस्ते फीत, आणि दारावर हा एवढा बोर्ड: नशाग्रस्त महिलांसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार. भोंग्यावरून सर सांगत होते की आता भगिनींना कोणीही बघणार नाही. अख्खी गल्ली गच्चीवर उभी राहून ऐकत होती. त्या दारानं पुढं एक बाई आत आली असेल तर शपथ. दूधवाल्यानं मात्र आपल्या सायकली लावायला त्याचा चांगला उपयोग केला.

मी सरांना म्हटलं, तुम्ही भोंगा कशाला लावला? ते म्हणाले, ‘ताई, बायकांना कळणार कसं?’ मी कपाळावर हात मारून आत गेले.

हा माणूस असा का, ते मला एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा थोडं कळलं. मीटिंगसाठी अमरावतीला गेले होते. सरांनी आग्रहानं घरी नेलं. त्यांच्या बायकोनं गिला वडा केला होता, फार चवदार, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या बैठकीत तो खायचा होता तिथं चारी भिंतींना काचेची कपाटं, आणि कपाटांत सन्मानचिन्हंच सन्मानचिन्हं. वडिलांची, सरांची, मुलाच्या शाळेतलीसुद्धा. पितळी, लाकडी, काचेची. मशाल धरलेला हात, घोडा, उगवता सूर्य. सर एकेक दाखवत होते. एक मोठं, मोराचं, हातात घेऊन मी विचारलं, हे कशाबद्दल मिळालं? सरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, बायकोला विचारलं. तिलाही आठवेना. ‘पण कार्यक्रम फार देखणा झाला होता,’ सर म्हणाले. बायको माझ्याकडं बघून म्हणाली की हे सगळं दर रविवारी पुसावं लागतं. एवढंच ती त्या दिवशी बोलली. त्या बाईबद्दल मला अजून वाईट वाटतं.

सत्कार हाच माणसाचा सगळ्यात मोठा आनंद, असं त्या घरात वाढलेल्या माणसाला वाटलं तर नवल नाही. पण म्हणून त्यानं तो जगाच्या माथी मारावा का?

दाराचा असा बट्ट्याबोळ झाल्यावर वरून आदेश आला की बायकांसाठी मोबाईलचं ॲप करा. अमरावतीची एक सॉफ्टवेअरवाली पोरगी त्या कामावर आली, श्वेता तिचं नाव. ॲपमध्ये गोळीची आठवण असणार होती, तपासणीची आठवण असणार होती, आणि कुणाला काही विचारायचं असलं तर थेट मला लिहून विचारता येणार होतं. सर आम्हाला घेऊन चिखलदऱ्याला गेले. मुक्कामी कार्यशाळा. धुक्यात फोटो, कॉफी पिताना फोटो, दरीकडं बोट दाखवताना फोटो. ॲपचं नाव काय ठेवायचं यावर दोन दिवस खल झाला आणि सगळी नावं अशी निघाली की फोनवर दिसली तर नवऱ्यानं बाईला घराबाहेर काढावं.

नाव शेवटी रेखानं दिलं. रेखा हे तिचं खरं नाव नाही, हे सांगायला नकोच. जठारपेठेत एका खानावळीत ती पोळ्या लाटायची. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला इंजेक्शनची सवय लागली होती. नवरा ट्रकवर होता, त्यालाही तीच सवय. एकच सुई, आधी त्याची, मग तिची. तो अपघातात गेला. मुलगी वरूडला सासूकडं. दीर-जाऊ संत्र्याच्या पॅकिंगच्या धंद्यात, घरी खाऊनपिऊन सुखी. रेखाला पोटाचं जुनं दुखणं आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. सासू तिला म्हणाली होती, ‘तब्येत बरी झाली तं जूनमंदी पोट्टीले घेऊन जाय. इथं काय कमी नाही तिले, पण माय ते माय.’ पोरगी त्या जूनमध्ये दुसरीत जाणार होती. अकोल्यात तिचं नाव घालायचं, एवढ्या एका गोष्टीवर रेखा सुई सोडायला केंद्रावर आली होती.

ती मला म्हणाली, ताई, फोन माया एकटीचा नाही, खानावळीतल्या दोघी-तिघी पाहतात. त्यावर कुरोडीचं चित्र ठेवा, कोणी हात लावणार नाही. झालं. श्वेतानं ॲपला कुरोडी, म्हणजे आमच्याकडची कुरडई, हेच नाव दिलं. उघडलं की खरोखरच कुरोड्या, सरगुंडे, पापड कसे करायचे ते यायचं. त्यातल्या एका विशिष्ट पापडावर बोट दाबून धरलं की खरं ॲप उघडायचं. सकाळी मेसेज यायचा, ‘चीक शिजला का?’ म्हणजे गोळी घ्यायला ये, बाहेरचं बाकडं रिकामं आहे. ‘उन्हात टाकायची वेळ झाली’, म्हणजे तपासणीची तारीख आली. घेतलेल्या प्रत्येक गोळीला एक बरणी भरलेली दिसायची. बायका हसायच्या, पण बरण्या भरायच्या.

सर मात्र हिरमुसले. ‘राज्यभरातून पाहुणे येणार आणि मी त्यांना कुरोडी दाखवू? लाल फीत पाहिजे, संस्थेचं बोधचिन्ह पाहिजे, प्रमुखाचा एक फोटो पाहिजे.’ मी नि श्वेतानं मिळून त्यांना अडवलं. श्वेतानं त्यांच्या एकट्याच्या फोनवर लाल फितीचं, त्यांच्या फोटोचं वेगळं ॲप घालून दिलं तेव्हा कुठं ते गप्प बसले. ते तेवढंच पाहुण्यांना दाखवायचे.

आणि मी सांगते, कुरोडी चाललं. इतकी वर्षं बायका माझ्यासमोर बसून मान खाली घालून ‘हव ताई, हव ताई’ करायच्या. त्याच बायका आता त्या फोनमध्ये खरं विचारायला लागल्या. नवऱ्यानं वापरलेली सुई गरम पाण्यानं धुतली तं चालते का. एकदाच झालं, तेवढ्यानं होते का. मालक निरोध वापरत नाही, मी काय करू. पोटात आहे, गोळी घेऊ का नोको. तोंडानं जे आयुष्यात बोलल्या नसत्या ते त्या लिहून विचारत होत्या, कारण समोर कोणाचा चेहरा नव्हता आणि त्यांचाही कोणाला दिसत नव्हता. मी पोळ्या करता करता उत्तरं लिहायची. फोन कणकेनं भरायचा. नोकरीत इतकं समाधान मला कधी मिळालं नव्हतं.

रेखाच्या सगळ्या बरण्या भरलेल्या असायच्या. एचआयव्हीची पहिली तपासणी निगेटिव्ह आली, दुसरीही. दुसरा रिपोर्ट घेऊन ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, ‘ताई, सुटलो मी.’ तिनं खानावळीच्या मागं एक खोली बघून ठेवली होती. पोरीसाठी भिंतीला गुलाबी रंग दिला होता, तो तिनं स्वतः दिला होता.

आता ऐका. माझ्या भाच्याचा मूर्तिजापूरला मंगल परिणय होता म्हणून मी रजेवर गेले. ॲपमध्ये कुणाच्या बरण्या किती भरल्या हे प्रमुख म्हणून सरांना दिसायचं. बरण्यांच्या पुढं नाव दिसायला नको होतं, पण ते त्यांनी श्वेताकडून मागून घेतलं होतं, ‘अहवालासाठी’ म्हणून. त्यांनी रेखाला फोन केला. म्हणाले, घरगुती कार्यक्रम आहे, आपलीच माणसं आहेत, तुमचा छोटासा सत्कार करायचा आहे. रेखानं फोटोचं विचारलं. फक्त अहवालापुरता एक, सर म्हणाले. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. त्या बाईला आयुष्यात कुणी ‘रेखाताई’ म्हटलं नव्हतं. तिनं खानावळीच्या मालकिणीची साडी मागून नेसली आणि गेली.

सभागृहाच्या समोर, भर चौकात, फ्लेक्स. वर पाहुण्यांचे मोठे फोटो. कोपऱ्यात दाणी सर, कानाला मोबाईल लावलेले. मधोमध रेखा, केंद्रातल्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून. आणि खाली अक्षरं: नशेवर मात करून एच.आय.व्ही. मुक्त आयुष्य जगणाऱ्या आदर्श भगिनी रेखाताई यांचा जाहीर सत्कार. पुढं आडनाव. पुढं गावाचं नाव, वरूड. तेही विसरले नाहीत.

एचआयव्ही नाही म्हणून सत्कार! अहो, जगात कुणाला कॉलरा नाही म्हणून शाल घातलेली तुम्ही ऐकली आहे का? चौकातला माणूस गाडीवरून जाताना काय वाचणार? बाईचा फोटो आणि एच.आय.व्ही. ही तीन अक्षरं. ‘मुक्त’ वाचायला कोणाला सवड आहे?

रेखा ऑटोतून उतरली आणि तिला बोर्ड दिसला. ती मागं फिरणार तोवर कार्यकर्त्यांनी ओळखलं, ‘या ताई, या ताई’ करत थेट स्टेजवर नेलं. पदर ओढून ती बसली. सरांनी शाल घातली, नारळ दिला, आणि माइक हातात घेऊन म्हणाले, ‘ताई, लाजायचं काही कारण नाही. पदर मागं घ्या. तुमचा चेहरा समाजाला दिसला पाहिजे.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं पदर मागं घेतला. ती मला म्हणाली, ताई, इतके लोक टाया वाजवत होते, मी काय करू.

दीर संत्र्याची गाडी घेऊन अकोल्यात आला होता. बोर्ड चांगला आठवडाभर लागून होता, न दिसायला काय झालं.

सासूचा फोन आला, आता इकडं येऊ नोको. रेखा तरी गेली. जावेनं तिला अंगणातच पॅकिंगच्या खोक्यावर बसवलं. पाणी दिलं ते कागदी ग्लासात, आणि ती पिऊन झाल्यावर तो ग्लास चिमट्यानं उचलून टाकला. पोरगी दारात होती. जावेनं तिचा दंड धरून ठेवला होता. पोरीनं तिथूनच विचारलं, आई, तुले काय झालं? रेखा म्हणाली, ‘काही नाही झालं बेटा. तेच तं लिवलं होतं त्या बोर्डावर.’ हे मला सांगताना ती रडली नाही. मीच रडले.

मी तक्रार केली. संस्थेची तीन माणसांची समिती बसली, चहा-बिस्किटं ठेवून. मी म्हटलं, कायदा आहे, अशी माहिती बाहेर काढता येत नाही. दाणी सर शांतपणे उठले. जाकीट होतंच. म्हणाले, ‘मला असं वाटतं, ताईंचा काहीतरी गैरसमज होतो आहे. पॉझिटिव्ह असती तर गुप्तता पाळलीच असती. ती निगेटिव्ह आहे. निगेटिव्हची कसली गुप्तता?’

समितीनं माना डोलावल्या. तिघांनी! एक जण म्हणाला, मुद्दा बरोबर आहे. सर सांगत होते की मी त्या भगिनीला सन्मान दिला, तिच्या घरच्यांना अभिमान वाटायला हवा होता, समाजच मागासलेला आहे त्याला मी काय करू. खोटं बोलत नव्हते हो. त्यांना मनापासून तसं वाटत होतं, म्हणून तर माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

‘सर,’ मी म्हटलं, ‘उद्या अमरावतीत तुमच्या घरासमोर मी बोर्ड लावतो. दाणी सरांनी आजवर चोरी केली नाही, त्याबद्दल जाहीर अभिनंदन. फोटोसकट. चालते का?’

सर विचारात पडले. मग म्हणाले, ‘ते वेगळं आहे, ताई.’

समितीनं लिहिलं की भविष्यात अधिक काळजी घ्यावी. चहा संपला होता. सगळे उठले.

रेखानं कुरोडी काढून टाकलं. तिच्या मागोमाग एकेक करत सगळ्याच बायकांनी काढलं. कुणी सांगितलं नाही, भांडलं नाही. नुसते मेसेज यायचे थांबले. मी सकाळी फोन हातात घेऊन बसायची, काही नाही. पोटात आहे, गोळी घेऊ का, असं विचारणारी ती बाई, तिचं पुढं काय झालं मला आजतागायत माहीत नाही. तिचं नावही मला माहीत नव्हतं. सरांनी मात्र वर्षअखेरीच्या अहवालात ॲपची प्रगती समाधानकारक असल्याचं लिहिलं, आणि फोटो जोडला, शाल-नारळाचा.

रेखा पुन्हा सुईकडं गेली. स्टेशनच्या मागं जी टोळकी बसतात त्यांच्यात. खानावळ सुटली, गुलाबी खोली सुटली. मी शोधत जायची तर मला बघून उठून जायची. तिचा राग माझ्यावर नव्हता, पण मी त्या केंद्रातली होते, एवढं पुरे होतं. मी सरांना शिव्या घालत घरी यायची. तोवर सरांना बढती मिळाली होती, दुसऱ्या प्रकल्पात, मधुमेहाच्या. ते बरं झालं. साखर असलेल्या माणसाला चौकात टांगलं तर निदान त्याचं लेकरू कोणी ओढून नेत नाही.

जून आला, गेला. पोरगी वरूडच्याच शाळेत राहिली. मग आणखी एक उन्हाळा आला, आणि एका दुपारी रेखा आपण होऊन माझ्या घरी आली. निम्मी झाली होती. म्हणाली, गोळी परत चालू करतो ताई, पण आधी तपासून घ्या. आणि अकोल्यात नोको. अकोल्यात माया चेहरा सगळ्यायले माहीत हाये.

म्हणून आम्ही अमरावतीला गेलो. मोठ्या दवाखान्यात रक्त दिलं आणि रिपोर्टसाठी बाहेर झाडाखाली बसलो. ऊन मी म्हणत होतं. आमच्याकडं उन्हाळ्यात बाया-पोरी स्टोल असा गुंडाळतात की डोळ्यांशिवाय काही दिसत नाही. रेखानंही तसाच गुंडाळला होता.

आणि समोरून दाणी सर. केस पिकले होते, बाकी तसेच. लांबूनच हात जोडले. ‘छायाताई! अजून रागावलेल्या दिसता.’ मधुमेहाच्या कामासाठी दवाखान्यात आले होते म्हणे. पाच मिनिटं स्वतःबद्दल सांगितलं. मग आवाज मऊ करून म्हणाले, ‘आपल्या रेखाताई कशा आहेत हो? मला फार आठवण येते. प्रत्येक भाषणात मी त्यांचं उदाहरण देतो.’

माझ्या जिभेवर एवढं काही आलं की कुठून सुरू करावं कळेना. ती त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसली होती. जो चेहरा चौकात लावला त्याचे डोळे त्या माणसाला ओळखू येईनात. मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून स्टोलच्या आतून आवाज आला.

‘गेली ते, सर. औंदाच गेली.’

सरांनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं ते आलं, मी नाकारणार नाही. मला वाटलं, लागलं कुठंतरी. मग त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

‘मला असं वाटतं, ताई,’ ते म्हणाले, ‘त्यांच्या नावानं एक स्मृती पुरस्कार सुरू करायला हवा. दरवर्षी एका भगिनीला. फोटो माझ्याकडं आहेच.’ मग रेखाकडं वळून अदबीनं विचारलं, ‘आपण त्यांच्या कोण?’

‘कोनी नाही,’ रेखा म्हणाली.

सरांनी तिलाही हात जोडले आणि गेले. फाटकापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांनी कोणाला तरी फोन लावला होता. पुरस्काराचंच बोलत असणार. मी थुंकले. झाडाखाली, सगळ्यांसमोर, या वयात.

मी रेखाला म्हटलं, असं काहून सांगितलंस बाई? ती म्हणाली, ‘जिती हाये म्हटलं असतं तं सोडला नसता त्यानं मले. जाऊ द्या ताई.’

आतून नंबर पुकारला. तिथं नावानं बोलावत नाहीत, नंबरानं बोलावतात, दार लावून घेतात आणि मग सांगतात. रेखा उठली. मला म्हणाली, तुमी चाला संगं. आत गेल्यावर तिनं स्टोल सोडला.

रिपोर्टात काय होतं ते तिला माहीत आहे आणि मला. तुम्ही विचारू नका. तो निगेटिव्ह असला तरी मी सांगणार नाही.